एक्स-रे चांगला, पाय निकामी

सैनिकांच्या हाडा-सांध्यांच्या दुखापतींवरील संशोधनासाठी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००९ मध्ये स्वतंत्र निधी सुरू केला. प्रस्ताव तपासणाऱ्या समितीत आम्हा ऑर्थोपेडिक सर्जनांबरोबर स्वतः जखमी झालेले माजी सैनिकही बसतात आणि त्यांचं मत आमच्याइतकंच मोजलं जातं. हे किती गरजेचं आहे, ते मला एका बैठकीत कळलं.

प्रस्ताव कुणाचा ते सांगता येत नाही. विषय होता स्फोटात चुराडा झालेलं नडगीचं हाड. इराक-अफगाणिस्तानात निम्म्याहून अधिक जखमा हातापायांच्याच होत्या. अशा उघड्या फ्रॅक्चरमध्ये माती, कपड्याच्या चिंध्या खोल घुसतात, म्हणून जंतुसंसर्गाची धास्ती मोठी. प्रस्तावाची मांडणी चोख होती. हाड जुळलं आणि संसर्ग टळला, की उपचार यशस्वी धरायचा.

माजी सैनिक सदस्य म्हणाले, "एक्स-रे माझाही उत्तम आहे." आणि त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली. पोटरीचा अर्धा भाग नव्हताच. त्यावर लावलेली कातडी पातळ, चकचकीत, जाळीचे वण उठलेली. घोटा हलवून दाखवायला गेले, तर जेमतेम हलला. "मी जिना आडवा होऊन उतरतो, डॉक्टर. माझ्याबरोबर जखमी झालेला मित्र कृत्रिम पायावर धावतो. माझाही पाय कापा, असं सांगायला मी गेलो होतो."

असं मागणारे ते एकटे नव्हेत. सॅन अँटोनिओच्या लष्करी पुनर्वसन केंद्रात अशांसाठीच पोटरी-घोट्याला आधार देणारा कार्बन फायबरचा 'आयडिओ' ब्रेस तयार झाला. तो घालून, कसून व्यायाम केल्यावर अनेकांनी पाय कापण्याचा विचार सोडून दिला. पायाच्या गंभीर दुखापतींवरच्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'लीप' अभ्यासातही पाय वाचवलेले आणि पाय कापलेले नागरिक दोन वर्षांनंतर कामाच्या क्षमतेत जवळपास सारखेच आढळले होते. म्हणजे नुसता पाय वाचवून भागत नाही. निधी मागणाऱ्याने पुढच्या दोन वर्षांचाही हिशेब द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतरची चर्चा लांबली. एकाने खर्चाचा मुद्दा काढला. पाठपुरावा वाढला की रुग्ण कमी घ्यावे लागतात, हे खरंच आहे. तरीही मी शेऱ्यात लिहिलं: दोन वर्षांनी चालणं, जिना, धावणं आणि कामावर परतणं मोजा. फिजिओथेरपिस्टचा पगार बजेटमध्ये धरलेलाच नव्हता. तो धरल्याशिवाय प्रस्ताव मंजूर करू नये, असंही वरच्या समितीसाठी स्पष्ट नोंदवलं.