मामाच्या फाइलमध्ये नसलेली नऊ वर्षं

मागच्या आठवड्यात मामाला चेकअपला घेऊन गेलो होतो. वय ६१, बीपी आहे, गुडघे गेलेत, एका कानाने ऐकू येत नाही, आणि डॉक्टर म्हणाले वय झालं हो आता. अहो माझी आई त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आणि रोज तासभर चालून येते! फरक एवढाच की मामा तरुणपणी नऊ वर्षं जेलमध्ये होता, आणि हे डॉक्टरला कोणी सांगितलेलंच नाही, मीपण नाही, कारण मामा शेजारीच बसला होता ना.

आत राहिलेलं शरीर लवकर म्हातारं होतं. कैद्यांवरच्या बऱ्याच अभ्यासांत तर पन्नाशीपासूनच माणूस वयस्कर धरतात. कोंदट खोल्यांतल्या गर्दीत टीबी पसरतो, एकच सुई चौघांनी वापरली की हिपॅटायटिस सी, आणि तो मेला वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि मग एकदम लिव्हरच गेलेलं कळतं. मंडेलांचंच बघा ना, २७ वर्षं आत, रॉबेन बेटावर चुनखडीच्या खाणीत दगड फोडून डोळे असे बिघडले की पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही फोटोवाल्यांना फ्लॅश मारू द्यायचे नाहीत. १९८८ ला टीबी झाला तोही कैदेतच, आणि म्हातारपणी फुप्फुसांनी छळलं ते वेगळंच.

बरं सुटला म्हणजे सुटला असंही नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांवर २००७ साली एक अभ्यास छापून आला, त्यात पहिल्या दोन आठवड्यांत मरण्याचा धोका इतरांच्या जवळपास १३ पट निघाला, त्यात जास्त करून ड्रग्जच्या ओव्हरडोसने. मामा त्यातून वाचला, त्याला कसलाच नाद नव्हता. पण झोप गेली ती गेलीच.

तर त्या दिवशी बीपीचा पट्टा हाताला बांधलेला, मशीन फुगतंय, आणि नर्सने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर टाकला. मामा ताडकन उभा राहिला. पट्ट्यासकट. हात शिवणीला, नजर खाली. मग ओशाळून बसला. रीडिंग आलं १८०, डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला.

रिक्षात म्हटलं, मामा, पुढच्या वेळी सांगूया का रे त्यांना? तर बाहेर बघत म्हणाला, "सांग. पण फाइलवर लिहायचं नाही म्हणावं, फाइल तिथे सगळेच उघडतात."