स्कूटरला ब्रेक कोणता: ड्रम, डिस्क, सीबीएस की एबीएस?

ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून डिस्क (चाकासोबत फिरणारी उघडी चकती, जिला पॅड दाबून थांबवतात) घ्यायचीच तर पुढे. मागे ड्रम (चाकाच्या मध्यभागी बंद डब्यात बसणारा ब्रेक) चालतो. ड्रममध्ये पाणी शिरलं की पकड तात्पुरती घटते. डिस्क लवकर कोरडी होते.

सीबीएसमध्ये (कम्बाइंड ब्रेकिंग सिस्टिम) डावा लिव्हर दोन्ही चाकांना ब्रेक लावतो, पण चाक लॉक होणं (फिरायचं थांबून घसरणं) थांबवत नाही. ते काम एबीएसचं (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम). ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक करकचून दाबणाऱ्यांनी (म्हणजे बहुतेक सगळ्यांनीच) पुढच्या चाकाला एबीएस असलेलंच मॉडेल बघावं.

डिस्कचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण 2 वर्षांनी बदला. लिव्हर स्पंजसारखा दबत असेल तर बहुधा ब्रेक ऑइलच्या नळीत हवा आहे. ब्लीडिंग करून घ्या, म्हणजे ती हवा बाहेर काढून घ्या. डिस्कच्या चकतीवर तेलकट स्प्रे उडाला तर पॅड गेलेच समजा.