शहरात एवढी चर्च असताना नवी मंडळी कशाला?

"सोलापुरात एवढी जुनी, मोठ्या आवारांची चर्च आहेत. मग तुम्ही वस्त्यावस्त्यांत, कुणाच्या तरी घरी नवी मंडळी, म्हणजे उपासनेला जमणारा ख्रिस्ती लोकांचा गट, कशाला सुरू करता?" लग्नात भेटलेले पाहुणे विचारतात, कामावरचे सोबती विचारतात. कुणी काळजीपोटी विचारतं, कुणाच्या मनात संशय असतो. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या चर्चविषयी माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम 1813 साली मुंबईत सुरू झालं, 1831 मध्ये नगरला पोचलं आणि पुढे सोलापुरात आलं. मुलींच्या शाळा, बालवाड्या हे या गावाने त्या लोकांकडून घेतलं. आमच्या घरातल्या बायकांना अक्षरओळख झाली ती मिशनच्याच शाळेत. 1970 साली उत्तर भारतातले अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात हा वारसाही आला. मीही त्याच बाकांवर बसून 'उपासना संगीत' या भजनांच्या पुस्तकातली गीतं पाठ केली.

पण चर्च जिथल्या तिथे राहिलं आणि गाव हललं. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग पूर्व भागातून अक्कलकोट रोडकडे सरकले. 2006 साली सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. तिथेच रे नगरमधल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या गेल्या. एवढी माणसं एका बाजूला राहायला गेल्यावर त्यांची उपासना कुठे व्हायची? पाच माणसांच्या कुटुंबाने दर रविवारी गावात यायचं म्हणजे रिक्षाभाडं आलं, आणि विड्या वळणाऱ्या बाईचा तर अर्धा रोजगारच गेला. शिवाय घरात तेलुगू, शेजारी कन्नड आणि पोरांच्या शाळेत मराठी. ज्या भाषेत ती बाई रडते, त्या भाषेत तिला प्रार्थना करता यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

घरात जमणं हे काही आम्ही काढलेलं नवीन खूळ नाही. बायबलमधलं प्रिस्किल्ला आणि अक्विला हे जोडपं तंबू करणारं. ग्रीसमधल्या करिंथात येशूचा प्रेषित पौल त्यांच्याकडे उतरला, कारण धंदा एकच होता; दिवसा हाताला काम, जोडीला सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश सांगणं. पुढे त्यांच्याच घरात मंडळी जमू लागली. लावदिकीयाजवळ नुंफा नावाच्या बाईच्या घरी जमत होती. आज आपण ज्याला चर्चची इमारत म्हणतो ती नंतरची गोष्ट. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे एका राहत्या घराची डागडुजी करून केलेलं प्रार्थनास्थळ सापडलं, ते साधारण इसवी सन 240 च्या सुमाराचं आहे. चादरी-टॉवेलांच्या आमच्या गावाला तंबू शिवणाऱ्या जोडप्याची मंडळी समजावून सांगावी लागत नाही. मी स्वतः आठवडाभर टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, आमच्या घरसभेची जबाबदारी सांभाळणारे वडीलधारे मागावर उभे असतात.

आता मूळ मुद्दा. येशूने शेवटी आज्ञा दिली ती शिष्य करण्याची. मंडळीबद्दल तो आपल्या शिष्याला, पेत्राला, म्हणाला की ती मी रचीन. म्हणजे शिष्य करणं आमच्याकडे आणि मंडळी उभी करणं त्याच्याकडे. ही वाटणी विसरली की माणूस आधी नाव ठरवतो, बोर्ड रंगवतो, साउंड सिस्टीम आणतो, आणि मग खुर्च्या भरायला माणसं शोधत फिरतो. दुसऱ्या मंडळीतली माणसं ओढून आणणं तर मला अजिबात मान्य नाही. दुसऱ्याने घातलेल्या पायावर बांधायचं नाही, हे पौलाने रोमकरांना स्पष्टच लिहून ठेवलंय.

शिष्य म्हणजे काय ते पाहायचं असेल तर आमच्याकडे पाणी सुटतं तेव्हा या. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांनी येतं, तेही कधी रात्री, कधी भल्या पहाटे. आमच्या घरसभेतली एक बाई, पूर्व भागातली, दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी. तिच्या शेजारणीशी तिचं नळावरून वर्षानुवर्षं वाकडं. लूकच्या शुभवर्तमानातला शत्रूवर प्रीती करण्याचा भाग वाचला त्या आठवड्यात ती सभेत एक शब्द बोलली नाही. पुढच्या वेळी पाणी सुटलं तेव्हा तिने नळी आधी शेजारणीच्या पिंपात सोडली. शेजारीण भांडायच्या तयारीनेच बाहेर आली होती, ती दारातच थांबली. "काय झालं गं तुला?" एवढंच तिने विचारलं. पाणी जाईपर्यंत बाईच्या स्वतःच्या दोनच घागरी भरल्या होत्या. आता शेजारीण आमच्याकडे येते का? नाही येत. तिला कुणी बोलावणंही धाडलेलं नाही. पण वाचलेलं वचन नळापर्यंत पोचलं, आणि माझ्या मते मंडळी सुरू झाली ती त्या पहाटे.

संशयाने विचारणाऱ्यांना मला सरळ उत्तर द्यायचं आहे. आम्ही धान्य, पैसे, नोकरी किंवा लग्न यांच्या बदल्यात कुणाला बाप्तिस्मा देत नाही. कुणी मागितला तर आधी थांबायला सांगतो, घरच्यांशी बोलायला सांगतो. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब कर, हे येशूचंच सांगणं आहे. राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने धर्म पाळण्याचं आणि सांगण्याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला दिलं आहे; त्यात शेजाऱ्याचं 'नको' म्हणण्याचं स्वातंत्र्यही आलंच. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात यावेत असं त्यांच्या मनात होतं. दोन वर्षांत ते गेले. पण माणसाला घाई करायची नाही, हे आम्ही त्यांच्याकडून घेतलंय.

तरुण पोरं मात्र वेगळंच विचारतात: "दादा, सुरुवात कशी करू?" त्यांना मी सांगतो, आधी सहा महिने एका घरी जा. जेवायला बोलावलं तर जेव. आजारपणात सिव्हिलला सोबत जा, रात्री थांब. मग एकत्र बसून मार्कचं शुभवर्तमान वाचा, थोडं थोडं, आणि दरवेळी एकच विचारा: यातलं या आठवड्यात काय करायचं? पुढच्या बैठकीत आधी तेच विचारायचं, मग पुढचा अध्याय. वाचायला आलंच पाहिजे असं नाही, एकाने वाचावं, बाकीच्यांनी आपल्या शब्दांत सांगावं. पैशाचा हिशेब पहिल्या दिवसापासून दोघांच्या सहीने ठेवावा. प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी), बाप्तिस्मा यासाठी जुन्या मंडळीतल्या पाळकसाहेबांना बोलवावं, त्यांच्या सल्ल्याने चालावं. आणि सुरुवातीपासूनच आपल्या जागी कोण बसणार हे बघत राहावं. पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला तेच सांगितलं होतं, जे ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपव, म्हणजे ते इतरांना शिकवतील.

कुंभारीच्या घरसभेत सध्या तेच चाललंय. मागावर काम करणारा एक मुलगा तेलुगूत वचन सांगायला शिकतोय, दर गुरुवारी पाळी संपली की येतो. त्याचं बस्तान बसलं की मी तिथे फक्त ऐकायला बसेन, आणि आम्ही दोघं-तिघं अक्कलकोट रोडला एका कन्नड कुटुंबाकडे जायला लागू. त्यांनीच बोलावलंय, जेवायला.