एमसीबी पडला नाही म्हणून

तक्रार ‘कम्युनिकेशन एरर’ची होती, म्हणजे एसीच्या इनडोअर आणि आउटडोअर युनिटचं आपसातलं बोलणं तुटल्याची. दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी, तसा नवाच. चालू केला की थोडा वेळ मस्त गार करायचा आणि मग आउटडोअर बंद, इनडोअरवर कोड. माझ्याआधी कुणीतरी आउटडोअरचं कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) बदलून गेलं होतं. हल्ली कोड दिसला की पहिला हात कार्डालाच जातो.

मी आधी दोन्ही युनिटमधली चार कोअरची केबल पाहिली. फेज, न्यूट्रल, सिग्नल, अर्थ, सगळं नंबराप्रमाणे, मध्ये कुठे जोड नाही. तशी ती चुकली असती तर एसी मुळात चालूच झाला नसता. हा चालून मग बंद पडत होता, म्हणजे भानगड लोड वाढल्यावरची.

एसीच्या बॉक्समध्ये मीटर लावला. बंद असताना 227 व्होल्ट. चालू केल्यावर इन्व्हर्टर हळूहळू वेग घेतो, तसा क्लॅम्प मीटरवर करंट चढत गेला आणि व्होल्टेज उतरत गेलं. 8 अँपिअरला 195, तेही थरथरत. फेज आणि अर्थमध्ये मात्र अजून 227 च. मग न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजलं, जिथे जवळजवळ शून्य हवं, तर 32 व्होल्ट! डीबीवर, म्हणजे घराच्या मुख्य वितरण बोर्डवर, व्होल्टेज जागच्या जागी होतं. म्हणजे डीबी ते एसी या टप्प्यात न्यूट्रल कुठेतरी ढिला.

“काका, या भिंतीत कुठे जॉइंट बॉक्स आहे का?” मी घरातल्या काकांना विचारलं.

“नाही हो, सगळं आतून आहे.”

हात फिरवत गेलो. कपाटामागे रंगाखाली एक झाकण सापडलं, कोमट लागत होतं. मेन बंद करून उघडलं. एसीसाठी आणलेली 4 चौरस मिमीची तांब्याची वायर तिथे घराच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरला नुसती पिळून, वर टेप गुंडाळून जोडलेली. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो, पीळ सैल होतो, जोड तापतो, तापला की आणखी सैल. टेपचा काळा चिकट गोळा झाला होता आणि न्यूट्रलचं इन्शुलेशन बोट लावताच भुगा होऊन पडलं. तिथे व्होल्टेज गचके खात होतं, आउटडोअरचं कार्ड क्षणभर मरत होतं आणि इनडोअरला उत्तर मिळत नव्हतं. कोड खोटा नव्हता, पण कार्डाचा काही दोष नव्हता.

“पण मग एमसीबी का नाही पडला?” काकांनी अगदी रास्त विचारलं.

एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच; तो फक्त करंट बघतो. इथे करंट 8 अँपिअर, एमसीबी 20 चा. त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल. आणि 8 गुणिले 32 म्हणजे अडीचशे वॅटहून जास्त उष्णता त्या एवढ्याशा जोडात. साधी सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते. ही त्याच्या दहापट, लाकडी कपाटाच्या पाठीला चिकटून. ते ऐकून काकांनी आधी कपाट पुढे ओढलं.

डीबीपासून थेट नवी 4 ची लाइन ओढली. फेज, न्यूट्रल, अर्थ, स्वतंत्र एमसीबी, मध्ये एकही जोड नाही. भिंत फोडायला नको होती म्हणून वरून पट्टी मारली. दिसायला बरी नाही, पण असो. पूर्ण लोडवर 226 व्होल्ट आले.

त्या जुन्या जोडावर शेजारच्या खोलीचे प्लगही होते. “ते राहू द्या की तात्पुरते,” असं काकांचं म्हणणं. ते तोडून, टोकं बंद करूनच निघालो. त्यांना फारसं आवडलं नाही.