कोल्हापुरातले चेंबर सेन्सर: झाकण बंद करून सिग्नल बघा, मगच बिल द्या

‘दोन किलोमीटर रेंज, जमिनीखालीसुद्धा चालतं’ असं पुरवठादारानं छातीठोकपणे सांगितलं होतं. ती रेंज मोकळ्या माळावरची. पावसाळी गटारांच्या चेंबरमध्ये पाण्याची पातळी मोजणारे लोरा (कमी विजेवर दूरवर संदेश पाठवणारी रेडिओ पद्धत) सेन्सर बसवायला कोल्हापूरला निघाला असाल तर तो दावा घरीच ठेवा.

राजारामपुरीत फायबरची झाकणं, गच्चीवर सेन्सरचे संदेश पकडणारा गेटवे. लिहिण्यासारखं काही घडलं नाही. जिरली ती लक्ष्मीपुरी ते व्हीनस कॉर्नर पट्ट्यात. इथं झाकणं बिडाची. झाकण उघडं असताना सिग्नल झकास, धाडकन पडलं की वीस-पंचवीस डेसिबल गायब. त्यात धान्याचा एक टेम्पो नेमका चेंबरवर येऊन थांबला आणि ड्रायव्हर जेवायला गेला. तो परत येईपर्यंत त्या सेन्सरचं एकही पॅकेट आलं नाही. आम्ही उन्हात उभे, टेम्पोवरचे हमाल सावलीत बसून आमच्याकडं बघतायत.

म्हणून चाचणी झाकण बंद करून आणि जमलं तर वर गाडी उभी करूनच घ्या. उघड्या चेंबरचा आकडा दाखवणाऱ्याला सही देऊ नका.

आपल्याकडं 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे. त्यातली पाव तरंगलांबीची अँटेना जेमतेम साडेआठ सेंटिमीटर भरते. ती लोखंडाला चिकटली की तिचं ट्यूनिंग बिघडतं, तळाशी ठेवली तर ओली माती सिग्नल गिळते. डबा खाली राहू दे, अँटेना वर, झाकणाच्या फटीजवळ आणा. त्याहून बरं म्हणजे झाकणच एफआरपीचं, म्हणजे फायबरचं घ्या. रस्त्यात असेल तर डी400 या जड वाहनांच्या भारवर्गाचं, नाहीतर ट्रकखाली चुरा होईल.

एडीआर, म्हणजे सिग्नल बघून सेन्सरचा पाठवण्याचा वेग आपोआप बदलणारी सोय, बंद करा. सेन्सर जागचा हलत नाही म्हणून एडीआर चालेल, असं सगळे सांगतात. पण रस्ता मोकळा असताना ते एसएफ 7 वर (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, तो जितका मोठा तितका संदेश हळू पण दूर जातो) आणून ठेवतं आणि टेम्पो आला की लिंक तुटते. एसएफ 10 वर कायम ठेवा. एसएफची प्रत्येक पायरी चढताना हवेतला वेळ जवळपास दुप्पट होतो, त्यामुळं थेट 12 वर गेलात तर बॅटरी लवकर बसेल.

व्हीनस कॉर्नरला तर झाकणातली अँटेना लावूच नका. 2019 ला आणि 2021 ला इथं पुराचं पाणी होतं. अँटेनावर पाणी चढलं की सेन्सर मुका, आणि तेही नेमकं गरजेच्या वेळी. पाइपातून केबल काढून फुटपाथच्या खांबावर पुराच्या पातळीच्या वर अँटेना चढवली, आणि रात्री मोबाइलवर एकामागून एक रीडिंग यायला लागली तेव्हा पांढरा रस्सा दोन वाट्या जास्त गेला. केबल मात्र आखूड ठेवा आणि जोड सीलबंद करा. पाणी शिरलेली केबल बाहेरून ठणठणीत दिसते.

गॅस डिटेक्टर आत सोडल्याशिवाय चेंबरवर वाकू नका आणि आत माणूस उतरवू नका, सगळं वरून काठीनं होतं.

राहिला झाकणवाला. झाकणामागं सहाशे ठरले, काम झालं, बंद करायला सांगितलं तर म्हणाला, “उघडायचं ठरलंवतं सायेब, बंद करायचं येगळं.” भर रस्त्यात उघडं चेंबर, मागं केएमटीची बस, द्यावेच लागले. दर ठरवताना उघडणं, थांबणं, परत बसवणं, तिन्ही तोंडानं बोलून घ्या.