निळी बादली आणि कापडाचा तुकडा : आमची वाटचाल

आमच्या कारखान्यात पहिल्यांदा येणाऱ्याची नजर दाराशेजारच्या निळ्या बादलीवर जातेच. तिच्यात कापडाचा एखादा चौकोनी तुकडा भिजत पडलेला असतो. सोलापुरात गणवेश शिवणारे पुष्कळ आहेत, आमच्या दसपट माल काढणारेही आहेत. पण ही बादली आमची, आणि ती आम्हाला चांगलीच महागात पडलेली आहे.

अण्णांचं साखर पेठेत शिवणकामाचं दुकान होतं. मे संपत आला की पालक कापड घेऊन यायचे. अण्णा पोराचं माप घ्यायचे आणि ‘वाढतं अंग आहे’ म्हणत दोन इंच जास्त धरायचे. मी बी.कॉम. होऊन त्यांच्या हाताशी आलो आणि 1998 मध्ये चार मशीन टाकून तयार गणवेश सुरू केले. अण्णांना ते अजिबात रुचलं नाही. माप न घेता शिवलेला कपडा कुणालाच धड बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका अर्थी ते खरंच होतं, पण एकेक माप घेत बसलो असतो तर जूनमध्ये दीडशेच्या वर मुलं झाली नसती.

2001 मध्ये एका शाळेची पहिली मोठी ऑर्डर मिळाली. शर्ट आणि स्कर्ट, साडेचारशे जोड. स्कर्टचं कापड जाड सुती होतं, दर स्वस्त होता, हाताला छान लागत होतं. एवढ्यावर मी तागे उचलले. शिलाई उत्तम झाली, शाळेनेही कौतुक केलं. पंधरा दिवसांनी मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला, “मुलींचे स्कर्ट गुडघ्याच्या वर गेलेत.” बावीस इंची स्कर्ट एका धुण्यात साडेवीसवर आला होता. खालची दुमड आम्ही जेमतेम इंचभर सोडलेली, म्हणजे उसवून लांबी वाढवायलाही जागा नाही. सगळे स्कर्ट नव्याने शिवून दिले. त्या वर्षाचा नफा त्यात गेला, हिच्या दोन पाटल्याही गेल्या. पाटल्यांची आठवण ती अजून काढते. काढायलाच हवी.

तेव्हा कळलं, की आपल्याला शिलाई येते, कापड येत नाही.

कापड शिकवलं ते एका मास्तरांनी. 1877 साली इथे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी गिरणी सुरू झाली, मग एकेक करत बाकीच्या गिरण्या आल्या आणि पुढे त्या एकेक करत बंदही पडल्या. त्यातल्याच एका गिरणीच्या प्रोसेस खात्यात, म्हणजे धुलाई-रंगाईत, मास्तरांची हयात गेली होती. आमच्याकडे ते दिवसातून दोन तास यायचे, चहा आणि थोडा पगार घ्यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी तो आखडलेला स्कर्ट हातात घेऊन सांगितलं, ते मला आजही तसंच आठवतं. मागावर विणताना ताणा, म्हणजे लांबीतले उभे धागे, सतत ओढलेला असतो. पुढे धुलाई, रंगाई, वाळवणी, सगळीकडे कापड लांबीतच ओढत नेतात. ती ओढ कापडात दबून राहते. घरी पाणी लागलं की कापसाचा तंतू फुगतो, सूत जाड होतं. जाड झालेल्या बाण्यावरून, म्हणजे आडव्या धाग्यांवरून, वळसा घ्यायला ताण्याला जास्त लांबी लागते आणि ती लांबी कापड स्वतःतूनच काढतं. म्हणून कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं. चांगल्या प्रोसेस हाऊसमध्ये रबरी पट्ट्याच्या मशीनवर कापड आधीच दाबून आखडून घेतात. किनारीवर ‘सॅन्फराइज्ड’ छापलेलं असतं ते हेच. आमच्या स्वस्त ताग्यांच्या किनारीवर काहीच छापलेलं नव्हतं आणि मी ती किनार पाहिलीही नव्हती.

बादली त्या दिवसापासूनची. प्रत्येक नव्या लॉटमधून तुकडा कापायचा, त्यावर उभी-आडवी 50 सेंटिमीटरची खूण करायची, तीनदा धुऊन वाळवायचा आणि पुन्हा मोजायचा. साडेअठ्ठेचाळीस भरलं तर आट तीन टक्के. तेवढं फरम्यात, म्हणजे कापायच्या नमुन्यात, वाढवायचं आणि मगच कात्री लावायची. आट पाचच्या वर गेली तर तागा परत. व्यापारी सुरुवातीला हसायचे. “शेठ, कापड घेताय की कपडे धुताय?” असंही एकाने विचारून झालं.

मास्तरांची दुसरी शिकवण काडेपेटीची. कापडातून एक धागा ओढून जाळायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख फुंकरीने उडते. पॉलिस्टरचा धागा ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो आणि मागे कडक काळा मणी राहतो. मिश्रणात दोन्ही दिसतं, मात्र किती टक्के काय आहे ते काडी सांगत नाही. त्यासाठी तुकडा प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. तिथे गंधकाच्या आम्लात कापूस विरघळवतात आणि उरलेलं पॉलिस्टर वजन करतात.

गणवेशाच्या धंद्यातलं खरं भांडण याच टक्क्यांवर असतं. पालकांना इस्त्री नको असते, कपडा दोन वर्षं टिकायला हवा असतो, म्हणजे पॉलिस्टर जास्त. मुलाला सोलापूरच्या उन्हात मैदानावर पळायचं असतं, म्हणजे कापूस जास्त. कोरडा दिसणारा कापूसही हवेतून साडेआठ टक्क्यांपर्यंत ओलावा धरून असतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. मग घाम जाणार कुठे? बाजारात 65-35 चालतं, पॉलिस्टर 65. शर्टासाठी मी शाळांना निदान निम्मा कापूस घ्यायला सांगतो. दहांतल्या तीन शाळा ऐकतात. बाकीच्यांना त्यांना हवं ते शिवून देतो, शेवटी धंदा आहे. पँटला मात्र भिलवाड्याचं पॉलिस्टर-व्हिस्कोसच बरं, त्याची इस्त्री टिकते आणि घसरगुंडीवर ते लवकर विरत नाही.

मिश्र कापडावर गोळे का येतात, ही दरवर्षीची तक्रार. गोळे सुती कापडावरही येतात, पण कापसाचा तंतू कमजोर असल्याने ते तुटून पडतात. मिश्रणात मजबूत पॉलिस्टर त्यांना धरून ठेवतं. रंगाचंही तसंच. कापसाला एक रंग लागतो, पॉलिस्टरला दुसरा, तोही 130 अंशांवर दाबाखाली. कापसाचा रंग कच्चा राहिला की चार धुण्यांत नेव्ही ब्लू राखाडी दिसू लागतो आणि पालक शिंप्याला बोलतात.

आता कटिंग. एका टेबलावर साठ-सत्तर थर लागतात. एकाच रंगाचे दोन तागेही वेगळ्या लॉटचे असले तर उन्हात वेगळे दिसतात, ट्यूबलाइटखाली सारखेच भासतात. म्हणून आमचा ले, म्हणजे थरांची ही मांडणी, दुपारी, खिडकीपाशी तपासून लागतो आणि कापल्यावर प्रत्येक भागावर थराचा नंबर चिकटतो. सतराव्या थराची बाही सतराव्याच थराच्या पाठीला. हे काम दोन ताई करतात. त्या आपसात तेलुगूत बोलतात, माझ्याशी मराठीत आणि चूक सापडली की दोन्हीत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगूभाषकांच्या वस्तीतल्या कुठल्याही कारखान्यात हेच ऐकू येईल.

चाराची बावीस मशीन झाली, अक्कलकोट रोडला गाळा घेतला, 2017 मध्ये जीएसटीमुळे वहीतला हिशेब संगणकावर गेला. याविषयी फार सांगण्यासारखं नाही.

मार्च 2020 मध्ये जूनचा माल तयार होऊन पडला होता आणि शाळा बंद झाल्या. काही महिने मास्क शिवून कारागिरांचे पगार भागवले. दोन हंगाम असेच गेले. मुलं दोन नंबरांनी वाढली, माल मात्र होता त्याच नंबरांत. भरीस भर म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवलेले पांढरे शर्ट घडीवर पिवळे पडले. मला वाटलं, संपलं सगळं. एका जाणकाराने सांगितलं, की पिशवीतलं रसायन आणि हवेतल्या धुराचा वायू मिळून हा पिवळेपणा येतो, ऊन दाखवून बघा. गच्चीवर दोऱ्या बांधून शर्ट वाळत घातले आणि बहुतेकांचा पिवळेपणा दोन दिवसांत उतरला. पुण्या-मुंबईला ऊन विकत मिळत नाही, आमच्याकडे ते ढिगाने आहे.

यंदा एका शाळेने ट्रॅकपँट मागितल्यात. म्हणजे मागावरचं ताण्या-बाण्याचं कापड नाही, होजिअरी, बनियनसारखं फासे गुंफून केलेलं. ते धुण्याआधीच अंग चोरतं. ताग्यात घट्ट गुंडाळल्याने ताणलेलं असतं, म्हणून कापण्याआधी एक दिवस मोकळं सोडावं लागतं. सुईही गोल टोकाची हवी, नाहीतर कापडाचे फासे सुटून भोकं पडतात. काल सहा तागे टेबलावर उलगडून ठेवलेत. बादलीत त्यांचा तुकडा आहे. हिने सकाळी जाताना विचारलं, “किती आटलं?” अजून एक धुणं बाकी आहे.