वाचनालयाचं दाखल रजिस्टर आणि जुना एक्सपी

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात विंडोज एक्सपीचा जुना संगणक आहे. दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या पुस्तकांची नोंदवही, त्यावर उतरवायचं मी अंगावर घेतलं, तेव्हा सगळ्यांनी आधी नवा संगणक घ्यायला सांगितलं. पण अनुदानाच्या पैशातून आधी पुस्तकं यावीत असं मला मनापासून वाटतं. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत एवढं लिहायला एक्सपी आणि एक्सेल २००३ पुरून उरतात.

सुरुवातीलाच इंटरनेटची वायर काढून टाकली. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट देणं, ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केलं, तेव्हा हा संगणक नेटवर ठेवणं धोक्याचंच. देवाणघेवाण फक्त पेन ड्राइव्हनं. तो लावताना शिफ्ट दाबून धरलं की त्यातलं काही आपोआप सुरू होत नाही. मग विंडोज की आणि ई दाबून डाव्या बाजूच्या फोल्डरच्या यादीतून तो उघडायचा, डबल क्लिक करायचं नाही.

खरी अडचण लाइटची होती. यूपीएसची बॅटरी जेमतेम चार-पाच मिनिटं तग धरते. ग्रंथपालमामा म्हणाले, “मधीच बंद पडलं की लिहिलेलं सगळं जायलंय बघ. म्हणून कुणी हातच लावत नाही याला.” यावरचा उपाय एक्सपीतच आहे: हायबरनेट. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये हायबरनेट नावाचा टॅब असतो, तिथं खूण करायची. मग शेजारच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये, पॉवरचं बटण दाबल्यावर काय व्हावं, तिथं हायबरनेट निवडायचं. यानंतर बटण दाबलं की रॅममधलं, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीतलं, सगळं हार्ड डिस्कवर लिहून संगणक पूर्ण बंद होतो. लाइट आल्यावर सुरू केला की अर्धवट लिहिलेल्या ओळीसकट तीच फाइल समोर येते. डिस्कवर रॅमएवढी मोकळी जागा मात्र लागते. मी म्हटलं, “मामा, लाइट गेली की घाबरू नका, फक्त हे बटण दाबा.” आता मी नसतानाही मामा बिनधास्त बसतात.

दुसरं मोठं काम मराठीचं. आधीची काही यादी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होती. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची, आणि अकारविल्हे लावणं तर अशक्यच. एक्सपीत युनिकोड मराठी, म्हणजे ठरावीक फॉन्टवर न अडणारी मराठी, आहे, पण ती चालू करावी लागते. कंट्रोल पॅनलमधल्या रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये लँग्वेजेस टॅबवर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करायची. त्यासाठी एक्सपीची मूळ सीडी लागते. मामांच्या कपाटात ती निघाली. संगणक परत सुरू करून डिटेल्समध्ये मराठी जोडली. डावं आल्ट आणि शिफ्ट दाबलं की इंग्रजीची मराठी होते. कीबोर्ड इनस्क्रिप्ट पद्धतीचा: मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. जुनी यादी आम्ही नव्यानंच टाइप केली, आणि ते योग्यच झालं.

मधेच माउसचं बटण बिघडलं. त्यावर डावं आल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबून एंटर केलं की बाजूच्या आकड्यांच्या कळांनी बाण हलतो, पाचनं क्लिक होतं. पण त्याची गरज क्वचितच पडली. आल्ट आणि टॅबनं खिडकी बदलते, एफ-२ नं फाइलचं नाव बदलता येतं, शिफ्ट आणि एफ-१० नं राइट क्लिकचा मेनू येतो. विंडोज की नसलेल्या कीबोर्डवर कंट्रोल आणि एस्केपनं स्टार्ट उघडतो. सगळ्यात जास्त वेळ वाचवला तो एक्सेलमधल्या कंट्रोल-डीनं: वरच्या रकान्यातलं जसंच्या तसं खाली उतरतं. एकाच प्रकाशकाची पुस्तकं ओळीनं आली की याचा फार आधार वाटतो.

कथा-कादंबऱ्या झाल्या, बालवाङ्मय चालू आहे. रोज उठताना फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतो, आणि तो मामा घरी नेतात.